आळशी एन्झाइमला उठवताना

रिसर्च करणाऱ्यांकडे रिझल्ट कमी अन् किस्से फार! वाशिमच्या आमच्या लॅबमध्ये चार वर्षांत मी काय शोधलं ते विचारू नका, किस्से विचारा.

*

किन्हीराजाला घरी गेले की काका विचारतात, "काय करून राह्यली व तू तिथं?"

मी समजावलं. शरीरात एन्झाइम नावाचे कामकरी असतात. बरीच औषधं त्यांचं काम थांबवतात. मी मात्र असा बारीकसा रेणू शोधतेय, जो आळशी एन्झाइमला कामाला लावेल.

काकांनी बाजेवर लोळणाऱ्या माझ्या भावाकडे पाहिलं. "भेटला की आधी याले पाज!"

*

भेटेल तर ना! पस्तीस रेणू झाले. काहींनी काहीच केलं नाही, बाकीच्यांनी एन्झाइमला पार झोपवलं. माझे गाईड सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक तरी दाखव, नाहीतर विषय बदलू." म्हणजे चार वर्षं पाण्यात!

*

गजाननभाऊ आमचे लॅब अटेंडंट, रिटायरमेंटला आलेले. पोहरादेवीहून आले तर प्रसाद पहिला एन्झाइमचा वेग मोजणाऱ्या मशीनपुढे ठेवला.

"भाऊ, ते खात नाही."

"खात कसं नाही? तुमचे चार वर्स खाल्ले ना!"

*

छत्तिसाव्या रेणूनं एन्झाइमचा वेग दुप्पट! मी ओरडले, सरांनी कचोरी मागवली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "रेणू न घालता करून बघ."

केलं. तरी दुप्पट! खोली भट्टीसारखी तापली होती, एन्झाइमला उष्णतेनंच जोर चढला होता.

"एसी कोणी बंद केला?"

"मी," गजाननभाऊ म्हणाले. "ही पोरगी सकाळपासून शिंकून राह्यली होती."

सर सगळ्यांसमोर असे बरसले की भाऊंनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

*

दिवाळीला सहा दिवस उरलेले. बावन्नावा रेणू घातला अन् मशीनवरची रेघ वर चढली. खोली थंडगार!

सरांचा विश्वास बसेना. "दोन नळ्यांत एन्झाइम घेऊ. रेणू एकीतच. कोणत्या नळीत, ते आपल्या दोघांनाही कळायला नको." रेणू घालून 'अ' अन् 'ब' लिहायला गजाननभाऊंना शेजारच्या खोलीत धाडलं.

'अ'ची रेघ आडवी पडून राहिली. 'ब'ची सरसर वर!

"भाऊ, रेणू कोणत्या नळीत?" सरांनी विचारलं.

भाऊ भिंतीला टेकून उभे. "आधी हे सांगा, पोरीसाठी एसी बंद केला तं मी काय गुन्हा केला?"

"नाही केला."

"सगळ्याईसमोर म्हना."

सगळे गोळा झाले. सरांनी हात जोडले. "चुकलो, भाऊ. आता सांगा!"

"ब," भाऊ म्हणाले, अन् चहा सांगायला निघून गेले.