मधुबनच्या आवारातली साखळी

सिताराम खंदारे एका जागी निवांत बसलेत, असं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. परभणीत पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ते कारकून होते. तिथंही फाईल वाचता वाचता उठायचे, खिडकीतून रस्ता बघायचे आणि परत येऊन बसायचे. गावाला जायचं असलं की एस.टी. लागायच्या कितीतरी आधी स्टँडवर हजर. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा, गावातलं त्यांचं घर जळालं. आईला आणि धाकट्या रुख्मिणीला घेऊन ते उभ्या ज्वारीतून बाहेर पडले, ते पुन्हा तिथं राहायला गेले नाहीत. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. तेव्हापासून याचा पाय कुठं ठरत नाही, एवढंच आई सांगायची.

एकोणनव्वद साली रुख्मिणीसाठी सोनपेठकडचं स्थळ आलं. ती नर्सचं शिक्षण पुरं करून नोकरीच्या हुकमाची वाट बघत होती. मुलगा शाळेत मास्तर, वडील वारलेले, म्हणून बोलणी त्याचे काका माणिकराव करणार होते. कोर्टाच्या कामाला परभणीला यायचंच आहे, तर दुपारी स्टेशनाजवळच्या मधुबन हॉटेलात भेटू, आधी दोघं बोलू आणि मग घरी येऊन पोरीला बघू, असा त्यांचा निरोप आला. पाहुण्यांना घरी आणायला बरं, म्हणून सितारामनी कचेरीतल्या बन्सीधरची स्कूटर मागून घेतली. बन्सीधरनं किल्ली देतानाच बजावलं होतं, की संध्याकाळी आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय, पाचच्या आत गाडी दारात पाहिजे.

मधुबनच्या बाजूला तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती. तिथं पाटी होती : जागा फक्त गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी, इतर गाड्या तासावर थांबल्यास दंड. सितारामनी स्कूटर लावली, आत जाऊन चहा मागवला आणि दाराकडं तोंड करून बसले. माणिकरावांचा पत्ता नव्हता. मग भजी मागवली, ती तशीच राहिली. दर थोड्या वेळानं ते उठून रस्त्यावर जायचे, स्टँडकडून येणाऱ्या रिक्षांमध्ये डोकावायचे, परत येऊन बसायचे. पाहुण्यांचा विचार फिरला की काय? आपल्याकडूनच वेळ ऐकण्यात चूक झाली की काय? जीव नुसता टांगणीला लागला होता.

अखेर माणिकराव आले. धोतराला धूळ, हातात पिशवी. वाटेत एस.टी.चा टायर फुटला होता, आणि त्या खोळंब्यात कोर्टाचं कामही बुडालं होतं. त्यांनी दारातूनच खणखणीत आवाजात जयभीम घातला. गल्ल्यावर बसलेल्या मालक व्यंकटशेठनं मान वर करून बघितलं. जेवता जेवता बोलणी मात्र चांगली झाली. माणूस मोकळा होता, देण्याघेण्याचं नावच काढलं नाही. पोरगी कामाची आहे, शिकलेली आहे, आमाला अजून काय पाहिजे, म्हणाले. सितारामना बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला.

बाहेर आले तर स्कूटरच्या चाकात साखळी आणि साखळीला कुलूप.

त्या आवारात गाड्यांवर लक्ष ठेवणारा स्टँडवाला म्हणाला, दंड भरा, कुलूप काढतो. आपण सगळा वेळ आतच होतो, चहा घेतला, भजी घेतली, जेवणाचे पैसे आत्ताच दिले, असं सितारामनी समजावून सांगितलं. स्टँडवाल्यानं मान हलवली. त्यानं स्वतः बघितलं होतं, हा माणूस घडीघडी रस्त्यावर जात होता. गाडी इथं टाकून बाहेर हिंडणाऱ्याला गिऱ्हाईक कसं म्हणायचं? दंड किती, तर त्यानं जो आकडा सांगितला तो पाटीवर नव्हता. सिताराम व्यंकटशेठकडं गेले. शेठ म्हणाले, जागा ठेक्यानं दिलीय, माझा संबंध नाही. बाहेर यावं तर स्टँडवाला म्हणे, शेठचा हुकूम आहे. सितारामनी दोन्हीकडं येरझारा घातल्या. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा शेठ गल्ल्यावरून उठलेच.

"नामांतराची भांडणं हितं आणू नका," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तुमच्या लोकांना हल्ली जिथं तिथं हक्क पाहिजे."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. मागून आलेल्या माणिकरावांनी घाईनं बंडीच्या खिशात हात घातला आणि पैसे बाहेर काढले. सितारामनी त्यांचं मनगट पकडलं आणि हात जोरानं खाली दाबला.

"द्यायचे न्हाईत," ते म्हणाले. "आता तर एक पैसा द्यायचा न्हाई."

माणिकरावांनी हात सोडवून घेतला. परतीची एस.टी. गाठायचीय, घरी मग कधीतरी येऊ, असं म्हणून ते स्टँडकडं निघून गेले.

तेवढ्यात बन्सीधर सायकल मारत आला. पाच वाजून गेले होते. सगळं ऐकून घेतल्यावर तोही म्हणाला, पैसे फेक आणि गाडी काढ, आई तिकडं बसून राहिलीय. सितारामनी ऐकलं नाही. ते तिथून रिक्षा करून बन्सीधरच्या घरी गेले, म्हातारीला हात धरून बसवलं, डॉक्टरकडं नेलं, परत आणून सोडलं. रिक्षाला दंडापेक्षा जास्त मोजावे लागले. स्कूटर साखळीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा अर्ज टाकून ते मधुबनच्या फाटकाबाहेर, सरकारी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. कुणी स्कूटर, मोटारसायकल आत वळवली की जवळ जाऊन अदबीनं सांगायचे, "सायब, तासाच्या वर बसू नका. चाकाला साखळी घालायलेत. ती बघा माझी." काहीजण हसून आत गेले, बरेच माघारी वळले. जेवणाच्या वेळेला आवार निम्मं रिकामं होतं. व्यंकटशेठ फाटकाशी आले आणि हा काय तमाशा लावलाय म्हणाले.

"तुमच्या पाटीवर दंडाचा आकडा न्हाई, म्हणून लोकांना तोंडी सांगायलोय," सिताराम म्हणाले. "खोटं बोललो असंल तर पोलिसाला बोलवा."

शेठनी रिकाम्या आवाराकडं बघितलं. मग स्टँडवाल्याला हात केला. कुलूप निघालं. पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही, असं बजावून शेठ आत गेले. सितारामना वाटलं होतं, आता हलकं वाटेल. पण स्कूटर बन्सीधरच्या दारात नेईपर्यंत तसं काही वाटलं नाही.

बन्सीधरनं किल्ली घेतली, ये बस म्हटलं नाही. सोनपेठहून तर काहीच कळेना. पाखराची सावली हलली तरी सिताराम दारात जाऊन बघायचे. शेवटी न राहवून एका रविवारी ते स्वतःच सोनपेठला गेले. माणिकरावांनी पाणी दिलं, चहा दिला, पण मूळ विषयावर येईनात. सितारामनीच विचारलं, की भांडकुदळ घर म्हणून मागं सरलात का?

"भांडलात ते बरंच केलं," माणिकराव म्हणाले. "पर तुमी माझा हात धरला, चार माणसांत. जसं काय मी तुमच्या विरुद्ध हाय. मला बी तो बोलला ते लागलंच हुतं की. मी घाबरलो हुतो, बाबा. माझं बी घर त्याच साली गेलं."

सिताराम उठले. त्यांनी माणिकरावांच्या पायांना हात लावला. माणिकराव मागं सरकले, असलं काही करू नका म्हणाले, आणि थोड्या वेळानं विचारलं, "पोरगी काय म्हणती?"

तिला कुणी विचारलंच नव्हतं. घरी येऊन सितारामनी सगळं सांगितलं तेव्हा रुख्मिणी म्हणाली, "तुमी दोघं एकमेकांना बघत बसलात. मला मास्तरला तर बघू द्या."

मास्तर पुढच्या आठवड्यात काकांबरोबर आले. पोहे झाले, आणि रुख्मिणीनं सगळ्यांदेखत विचारलं, की नोकरीचा हुकूम पालमचा आला तर कसं करायचं? मास्तर जरा गोंधळले. मग म्हणाले, सोनपेठहून पालमला एस.टी. लागते का ते बघावं लागेल, नसली तर बदलीचा अर्ज मी करतो.

वैशाखात लग्न झालं. हुकूम खरोखरच पालमचा आला, आणि मास्तरांच्या बदलीला तीन वर्षं लागली.