बाबांचा होकार

आमच्या घरात बाबांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "तिले इचारा," म्हणजे आईला. शेवंती किती लावायची, पाहुण्यांना कधी बोलवायचं, आम्हा पोरांचा बाप्तिस्मा करायचा का, सगळं तिले इचारा. आई ख्रिस्ती घरची, बाबा फुलं पिकवणाऱ्या माळ्याच्या घरचे. दर रविवारी ते अमरावतीत आईला चर्चच्या दारात सोडत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर निंबाखाली देवळाचे हार ओवत बसत. नातेवाईक त्यांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणत. बाबा हसून तेही कबूल करत.

आत पाळक सांगत, जग घडण्याआधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवली आहेत. आणि पुढच्याच रविवारी सांगत, होकार मात्र ज्याचा त्यानं द्यायचा. मला हे कधीच पटलं नाही. निकाल आधीच लागलाय तर परीक्षा घेता कशाला? आईला मात्र दोन्ही पटायचं. देवानं बाबांना निवडलेलंच आहे, फक्त त्यांचं तोंड उघडायचं बाकी आहे, या भरवशावर तिनं सगळा संसार केला.

बाबांचं यकृत गेलं तेव्हा मी त्यांना माझ्याकडे अकोल्याला आणलं. डॉक्टरांनी हात टेकले, तशी आईनं पाळकांना बोलावून घेतलं. ते दुपारच्या बसनं आले आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन खाटेशी उभे राहिले. प्रभू येशूला आपला तारणारा मानता का, असं त्यांनी विचारलं. बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. बाबा म्हणाले, "हो."

पाळक प्रामाणिक होते, हेच आमचं दुर्दैव. असल्या होकारावर बाप्तिस्मा द्यायला त्यांचं मन धजेना. त्यांनी आईला बाहेर थांबायला सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबांनी दाराकडे पाहिलं. म्हणाले, "तिले इचारा."

पाळकांनी पेला टेबलावर ठेवला. उद्या सकाळी पुन्हा विचारू, म्हणाले. संध्याकाळीच बाबांची शुद्ध हरपली, ती परत आली नाही. भाऊबंदांनी त्यांना रीतीप्रमाणे अग्नी दिला.

"मले बाहेर काहून काढलं?" नंतर पाळक भेटायला आले तेव्हा आईनं विचारलं. "मी आत असती तं त्यायनं हो म्हनलं असतं."

"बाई, तो होकार तुमचा झाला असता."

"मंग माह्या होकारानं काहून नाही चालत? त्यायचा सारा जलम त्याच्यावरच गेला."

देवाची दया मोठी आहे, असं काहीतरी पुटपुटून पाळक उठले. मला त्यांचा नाही, देवाचा राग आला. ज्या माणसानं आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नाही, त्याच्याकडूनच याला स्वतंत्र होकार हवा होता!

आईचं प्रार्थना करणं बंद झालं. मी समजूत घातली, "देवानं निवडलं असेल तर बाबा तसेही स्वर्गात पोचले असतील."

"निवडलं असतं तं तोंड उघडलं असतं," ती म्हणाली. इतकी वर्षं जे मानलं तेच आता तिच्या गळ्याशी आलं होतं.

शेवटी मी चिडून म्हटलं, "मग सोडून दे ना तो देव!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मी सोडून काय होते? मले निवडलं असन तं तो मले सोडत नाही. मंग तिथं एकटी जाऊन मी काय करू?"