काठोकाठ पियाला

आमच्या कारा-बुलाक गावात सुयुमकानइतके बारीक टाके घालणारी दुसरी बाई नाही. नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड जाजमावर, ती मेंढ्याच्या शिंगांची नक्षी शिवू लागली की सुई लोकरीत नाही, पाण्यात चालल्यासारखी वाटते. वय छत्तीस. तरी घरी पाहुणे आले की आई तिला मेंढवाड्यात पाठवायची.

कारण जुनं. पाहुण्याला चहा अर्धाच ओतावा, म्हणजे पियाला पुन्हा पुन्हा परत येतो, गप्पा लांबतात. भरलेला पियाला म्हणजे ‘आता उठा’. सुयुमकानच्या हाताला मात्र काही अर्धं सोडवत नाही. सतराव्या वर्षी तिला पाहायला आलेल्यांपुढे तिने काठोकाठ पियाले ठेवले. माणसं तशीच उठून गेली.

गेल्या वर्षापासून दर गुरुवारी ती आमच्या कुंपणालगतच्या गवताच्या गंजीवर चढते. नेटवर्क तिथेच येतं. फोनवर बिश्केकच्या समुपदेशक बेगिमायताई असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कॅमेरा बंद ठेव हवं तर. शिवत शिवत बोल.” पुढे त्यांनीच सांगितलं, याला स्वमग्नता म्हणतात. तू बिघडलेली नाहीस, तुझी घडण वेगळी आहे.

या शरदात भावाचं लग्न ठरलं. व्याही पहिल्यांदा घरी येणार होते.

“ताई, मला आत बसायचंय. समोवारपाशी, चहा ओतायला,” गंजीवरून तिचा आवाज आला. “अर्धा ओतायला शिकवा.”

“शिकवते. पण अर्धा ओतलास की काय होतं तुला?”

“दिवसभर दाढ ठणकल्यासारखं.”

“मग पाहुण्यांना काय सांगितलंस तर पूर्ण भरता येईल?”

सुई चालत राहिली.

व्याही आले, तेव्हा सुयुमकान आधीच समोवारपाशी बसलेली.

“ऊठ, मेंढ्या ओरडतायत,” आई कुजबुजली.

“मेंढ्या गप्प आहेत, आई.”

पहिला पियाला काठोकाठ भरला. व्याही झोमार्तने टोपी सावरली. तोटीवरची नजर न हलवता सुयुमकान म्हणाली, “हा ‘जा’ म्हणून नाही. माझ्याच्याने अर्धं सोडवत नाही. जायची वेळ झाली की तोंडाने सांगेन.”

झोमार्त खो खो हसला. “बरं झालं, पोरी! आमची ही नुसती डोळ्यांनी खुणावते. तीस वर्षं झाली, मला कळत नाही.”

“कळतं सगळं,” त्याची बायको म्हणाली. “उठायचंच नसतं तुम्हाला!”

ऊन डोंगरावर सरकलं. सुयुमकानने पियाला खाली ठेवला. “आता जा. आवाजाने दमले मी.”

आईने डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवलं. झोमार्तने उरलेला चहा संपवला, ओंजळ चेहऱ्यावरून फिरवून आशीर्वाद दिला आणि उठला. दारात आईला म्हणाला, “लग्नातही समोवारावर हीच बसू दे.”

पाहुणे गेल्यावर आईने लेकीसाठी चहा ओतला. अर्ध्यावर थांबली. मग काठापर्यंत भरला.

“हा ‘जा’ म्हणून नाही हं.”

“माहितीये,” सुयुमकान म्हणाली. “तसं असतं तर तू मेंढ्या म्हणाली असतीस.”