दाव्याशिवाय विकलेलं जहाज

आमच्या घरी मोबाइलची रेंज धड येते ती फक्त गोठ्यात. बैल गेले, भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला, तेव्हापासून गोठा रिकामाच पडला होता. मी तिथे खुर्ची टाकली, जुन्या पेटीवर लॅपटॉप ठेवला आणि मुरबाडच्या कारखान्याला सुट्टी असली की तिथे बसून अंतराळातली जहाजं विकू लागले. खरी नव्हेत, ऑनलाइन खेळातली. त्यात जगभरची माणसं जहाजं बांधतात, लढवतात आणि खेळातल्याच नाण्यांवर एकमेकांना विकतात.

मला एक मोठं मालवाहू जहाज हवं होतं. ते नसेल तर आपला माल न्यायला दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि ते मला कारखान्यातच पुरे झालं होतं. खेळातल्या माझ्या गटातली शहरी पोरं म्हणायची, "ताई, कार्ड मार ना, दोन मिनिटांत जहाज तुझं." खरे पैसे भरून घेता यायचंच. पण मी ठरवलं होतं, पगारातला एक रुपया इथे घालायचा नाही. छोटी जहाजं बांधून, विकूनच मोठं जहाज घेईन. हट्ट म्हणा हवं तर.

विकायला काढलेलं पहिलंच जहाज मी मातीमोल घालवलं. खेळातल्या मुख्य स्थानकावर काही दलाल कायम बसलेले असतात. काहीही आणा, तिथल्या तिथे घेतात, पण अर्ध्या भावाने. मी दिलं आणि मग स्वतःवरच चिडले. धसईच्या बाजारात आपण एसटीतून उतरतो न उतरतो तोच व्यापारी टोपलीला हात घालतो; माझ्या आईने त्याला कधी मेथीची जुडी दिली नाही. "आधी आत तर जाव दे," म्हणायची आणि पुढे चालू लागायची. त्या आईची मी लेक, आणि दारातच माल टाकून मोकळी झाले.

दुसऱ्या वेळी मी जास्तच शहाणपण केलं. म्हसा गावच्या जत्रेला बैल विकायला नेताना बाबा त्यांना धुवायचे, शिंगं तासून रंगवायचे. मीही जहाजाला महागातला पिवळाधमक रंग दिला. एका गिऱ्हाइकाने निरोप धाडला, "रंग काढून देणार असाल तर घेतो." रंगाला कुणी फुटकं नाणं दिलं नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि विहिरीवर जाऊन भांडी आपटत घासली.

तिथे घासता घासताच जत्रेतली दुसरी गोष्ट आठवली. आमच्याकडे जनावर विकतात, त्याच्या गळ्यातला दोर, म्हणजे दावं, विकत नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतःचं दावं आणायचं, ते बांधून जनावर घरी न्यायचं. दावं घरात राहिलं की त्याला दुसरं जनावर येतं, असं मानतात. बाबांच्या शेवटच्या जोडीची दावी अजून गोठ्यातल्या खुंटीवर होती, माझ्या डोक्यामागेच.

मग मी प्रत्येक जहाजाचं दावं काढून घ्यायला लागले. म्हणजे तोफा, चांगली इंजिनं, जे जे सुटं होईल ते आधी काढायचं. सगळ्यासकट विकलं तर लोक सांगाड्याचाच भाव देतात. सुट्या वस्तूंना वेगळं गिऱ्हाईक मिळतं. शिवाय जहाज मुख्य स्थानकावर न ठेवता लढाई चालू असलेल्या सीमेवर नेऊन उभं करायचं. तिथे ज्याचं जहाज आत्ताच फुटलंय, तो घासाघीस करत बसत नाही.

असं करत मोठं जहाज आवाक्यात आलं. थोडंच कमी पडत होतं, आणि विकायला उरलं होतं एकच: खेळ सुरू करताना मिळालेलं माझं पहिलं छोटं जहाज. सुरुवातीची सगळी धडपड मी त्याच्यातच केली होती. ते विकायला लावताना रडू आलं, आणि खेळातल्या चित्रासाठी रडतेय म्हणून लाजही वाटली.

बाबा विकायच्या गवताचा भारा टाकायला आत आले होते. त्यांना या जहाजांचं थोडंफार मी सांगितलं होतं.

"ह्या इकतेस?"

"हो. एक जण आत्ता घेतो म्हणतोय, पण भाव पाडून मागतो. देऊन टाकते, बाबा. सारखं समोर बघवत नाय."

बाबा पेटीच्या कडेला टेकले. "मी बी तसाच केला. शेवटच्या जोडीला. बघवत नाय म्हणून पहिल्या माणसाला दिली. घाय केली गो बाय. तू नको करू."

मी त्या माणसाला नाही म्हटलं. दुसऱ्यालाही. त्याच्यापुढच्याने माझा भाव दोनदा उतरवून बघितला, त्यालाही. पोरं हसली, की एवढ्याशा डबड्यासाठी ताई अडून बसलीय. मी अडूनच बसले. भाताची लावणी संपली तरी ते तिथेच उभं होतं. शेवटी एका रविवारी ते माझ्या भावाने गेलं.

जाण्याआधी मी त्याचा पुढचा लहान दिवा काढून ठेवला होता. त्याला बाजारात किंमत नाही. मोठं जहाज घेतलं आणि सगळ्यात आधी तो दिवा त्याच्या नाकावर बसवला. बाबांना हाक मारून दाखवलं आणि दिवा कुठला ते सांगितलं.

त्यांनी वाकून पडद्यावरच्या दिव्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी खुंटीवरची दावी उतरवली, धूळ झटकली आणि परत तिथेच लावली.

"चला," म्हणाले, "घरात एका तरी दाव्याला जनावर आला."