दोन फायलींची दामिनी

भूपेशने वरवंटा उचलून बायकोच्या लॅपटॉपवर आदळला, तेव्हा दामिनी चुलीवरून भाताचा गंज उतरवत होती. काचेचा चुरा भातात उडाला.

"आता कर जुळणी," तो म्हणाला. खाणीतली पाळी करून आला होता. डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच.

दामिनी मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. सिंदेवाहीजवळच्या एका प्रयोगशाळेत ती कंत्राटावर होती. धानाच्या वाणाचा जीनोम म्हणजे अक्षरांचा लांबच लांब दोरा. त्यावर कोणतं जनुक कुठून कुठवर, हे सांगणाऱ्या फायली वेगवेगळे लोक बनवतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. एक म्हणते, हे एकच जनुक. दुसरी म्हणते, दोन. अशा दोन फायली शेजारी ठेवून भांडण नेमकं कुठे आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर ती लिहीत होती. सोमवारी ते चाललं तर नोकरी पक्की होणार होती.

"दिवसभर कोनासंग बोलत राह्यते वो तिथी?" भूपेश रोज विचारायचा.

"फायलींसंग."

त्यावर रोज एक थप्पड.

आज ती गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण मासोळीबाजारात वाढलेली जीभ.

"डबडं फोडलं तू. काम त्यात नाई. काम ऑफिसच्या सर्व्हरवर हाये."

"अन् लिहिते कोन?"

त्याला उत्तर सापडलं होतं. त्याने तिचा उजवा हात चौकटीत धरला आणि दार ओढलं. मग परत ओढलं. वाळक्या तुऱ्हाट्या मोडाव्या तसा आवाज आला.

टॉवेलात हात गुंडाळून ती पायीच आईकडे गेली. गोकुळा पावशीच्या पात्यावर मासोळी चिरत होती.

"कोनं केलं?"

"तुह्या जावयानं."

गोकुळाने पावशी धुतली, पिशवीत टाकली. "चाल. आधी दवाखाना, मंग पोलीस."

"पावशी काऊन घेतली?"

"रस्त्यात भेटला तर."

तो रस्त्यात भेटला नाही. तक्रार लिहून झाली.

सोमवारी दामिनी प्लास्टरमधला हात घेऊन ऑफिसात बसली. ती सांगत होती, सोबत काम करणारी दिव्या टाईप करत होती.

"कंस उघड. नाई, चौकोनी. हात हाये का फावडं?"

"ताई, कोड सांगून राह्यली का शिव्या देऊन राह्यली?"

"दोन्ही. शिव्या टाईप नको करू."

चालवलं, तर एकही जनुक जुळेना. सगळ्यांची सुरुवात एका घराने सरकलेली.

दामिनी हसली. "एक फाईल शून्यापासून मोजते, दुसरी एकपासून. दुसरीच्या सुरुवातीतून एक वजा कर."

तेवढ्यात फाटकाशी भूपेशचा आवाज आला. ती बाहेर गेली.

"तक्रार मागं घे."

"नाई घेत."

त्याने प्लास्टरचा हात पकडून पिळला. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने तोच हात झटक्यात सोडवला आणि सगळं अंग लोटून त्याच्या नाकावर हाणला. हाड मोडल्याचं तिला कळलं. कोणाचं, ते कळलं नाही. दोघंही ओरडले. तो गुडघ्यांवर बसला, तोंडातून रक्ताची गुळणी पडली. चौकीदाराने त्याला धरून ठेवलं, पोलिसांना फोन लावला.

ती आत आली. प्लास्टरवरून रक्त ओघळत होतं. काम पाहायला आलेले साहेब उभेच राहिले.

"दामिनी, आज राहू दे."

"नाई सर. पाहूनच घ्या. दिव्या, चालव."

पडद्यावर जनुकं जोडीजोडीने लागली. जिथे पटत नव्हतं तिथे लाल खूण. साहेबांनी वाकून एकेक खूण तपासली.

"आंध्रातून तिसरी फाईल आलीय. कधी घेशील?"

"हात पुन्हा बांधून येते," दामिनी म्हणाली. "तोवर दिव्याला खुर्चीवरून उठू देऊ नका."