जागेश्वर मिस्त्रीची दोन बोटं

जागेश्वर मिस्त्रीच्या उजव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन कुठं गेली, यावर आमगाव रोडवरच्या त्या राईस मिलमध्ये बरीच मतं होती. कुणी म्हणे, दिवाळीच्या सुतळी बॉम्बनं नेली. कुणी म्हणे, मिस्त्रीच्या बायकोच्या, शामकलाबाईच्या विळ्यानं. हे दुसरं मत सांगणारा आधी बाई आसपास नाहीत ना, हे पाहून घेई. जागेश्वर स्वतः मात्र बावीस वर्षं एकच हकिकत सांगत आला होता. लाईट गेली, तो निसटलेला पट्टा चाकावर चढवायला गेला आणि तेवढ्यात लाईट आली.

नवं धान मिलवर यायला लागलं, की दरवर्षी तो नव्या कामगारांना ओळीत उभं करी, हात वर धरी आणि ही हकिकत ऐकवी. मिलमधलं सुरक्षेचं शिक्षण म्हणजे एवढंच. जुनी माणसं हळहळत, चहा पीत आणि कामाला लागत.

यंदाची पोरं हाताकडे बघायचं सोडून मोबाईलकडे बघत राहिली. तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्राचीनं ठरवलं, की मिस्त्रीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून मिलच्या ग्रुपवर टाकायचा आणि पोरांनी खाली प्रश्न विचारायचे. मिस्त्री आधी फुगून बसला. दुसऱ्या दिवशी मात्र केसांना तेल चोपडून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. नवरदेवही इतका नटत नाही.

पोरांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. संध्याकाळी स्वप्निल नावाच्या नव्या ऑपरेटरचा प्रश्न आला. काका, पट्ट्यावर तर आठ नटबोल्टची जाळी असते, ती कुणी काढली? आणि मेन स्विच का पाडला नव्हता? खाली कुणीतरी हसऱ्या तोंडांची रांग लावून दिली.

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री जागेश्वरला जेवण गेलं नाही. सकाळी त्यानं स्वप्निलला मशीनपाशीच गाठलं.

"कायले विचारून राहिला बे तू? माही फजिती कराले?"

"नाई काका. मी बी जाळी काढूनच पट्ट्याले राळ लावतो ना. म्हनून विचारलं."

"तुले कोनं शिकवलं?"

"सगळेच लावतात. तुमचीच रीत आहे म्हनतात."

रीत खरंच त्याची होती. लाईट गेलीच नव्हती. पट्टा घसरायला लागला, की मिल बंद करून तो ताणायचा असतो, त्यात तास जातो. जागेश्वरनं युक्ती काढली होती. जाळी काढायची आणि चालत्या पट्ट्याला हातानं राळेचा खडा लावायचा, पट्टा पुन्हा पकड घेतो. मिल थांबत नाही म्हणून सेठ खूश, चार माणसांत त्याला उस्ताद म्हणायचे. राळ लावतानाच बोटं गेली, तेव्हा लाईटची गोष्ट सेठनंच सुचवली आणि उस्तादाला ती सोयीची वाटली. आता समोर स्वप्निल उभा होता, उत्तराची वाट पाहता पाहता दहाही बोटांत मोबाईल फिरवत. जागेश्वरला ती बोटं बघवेनात.

तो प्राचीकडे गेला. दुसरा काढ म्हणाला. पहिल्याला काय झालं, असं तिनं विचारलं.

"खोटा हाये."

दुसरा व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. तेल नाही, इस्त्री नाही. "लाईट गेली नोयती. जाळी मीच काढली होती. पट्टा चालूच होता. मले वाटे, मी लय हुशार."

या वेळी ग्रुपवर हसरी तोंडं आली नाहीत. ते त्याला जास्त लागलं. घरी पोचला तर व्हिडिओ त्याच्या आधी पोचलेला. शामकलाबाईनं ताट वाढलं.

"बावीस वर्सं मी त्या लाईटवाल्याइले शिव्या देऊन राहिली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा घसरला. स्वप्निलनं मेन स्विच पाडला. मिल गप्प झाली. फाटकाबाहेर धानाच्या गाड्या उभ्या राहिल्या, हमाल पोत्यांवर टेकले. सेठनं बाहेर येऊन कुणी बंद केली म्हणून विचारलं. स्वप्निलचं तोंड उतरलं.

"मी," जागेश्वर म्हणाला.

"सीजन में मिल बंद? ऑफिस में आओ."

"पट्टा तानून येतो."

त्यानं पाना उचलला. तासाभराचं काम होतं ते. त्यानं पूर्ण तास लावला.