निवडून आणलेला फोक

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला. घरी शेरडं होती आणि बांधावर निरगुडी होती. निरगुडीचा फोक, म्हणजे तिची ओली बारीक फांदी, मारायला सोयीचा. लवतो, पण मोडत नाही. आमच्याकडे रीत अशी की ज्याची चूक, त्यानंच फोक आणायचा. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या ओरडत नसत. "जा, घिऊन ये," एवढंच म्हणत. फोक फार बारीक असला तर परत पाठवत, वाळका असला तरी परत. हळूहळू मी चांगला निवडायला शिकलो. तात्या तो दोन्ही हातांत धरून वाकवून बघत आणि "ब्येस हाय" म्हणत. मग मारत. माझ्या दुसऱ्या कुठल्या कामाला त्यांनी ब्येस म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पुढं पुढं मी गरजेपेक्षा जास्तच चांगला फोक शोधून नेऊ लागलो.

किती वेळा मार खाल्ला याचा आकडा माझ्याकडे नाही, म्हणून सांगत नाही. गावातल्या इतर पोरांपेक्षा जास्त नसावा. त्यांतली बरीच आज हसूनखेळून आहेत, तेव्हा माझ्या एकट्यावरून नियम काढू नये. आणि तात्यांचा हात मऊ होता, हेही मी पाहिलेलं आहे. शेळी व्याली की ते करडाला गोणपाटानं पुसत, मांडीवर घेत, त्याच्या मानेवरून सावकाश हात फिरवत बसत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा असे. त्या वेळी आपण करडू असतो तर बरं, असं वाटायचं. या वयात हे लिहायला संकोच वाटतो, पण तसं वाटायचं.

आता मी सोलापुरात राहतो. कार्यालयात माझं काम आकडे तपासण्याचं. एकदा तपासलेलं मी पुन्हा तपासतो, आणि घरी आल्यावरही त्यातलं काहीतरी मनात तपासत असतो. साहेब याला काटेकोरपणा म्हणतात आणि नव्या लोकांना माझं उदाहरण देतात. केस कापणारा मात्र दर वेळी सांगतो, "साहेब, मान ढिली सोडा की." ती सुटत नाही. शेजारी कुणी फळीवरचा डबा काढायला हात वर केला, तरी माझी मान आधी खाली जाते आणि कारण मागून कळतं.

तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले, तेव्हा माझी लेक सातवीत होती. एका संध्याकाळी ती चुकलेलं गणित घेऊन हसत हसत आजोबांकडे गेली आणि म्हणाली, बघा मी काय येड्यासारखं केलंय. तात्याही हसले. मी हातातला पेपर खाली ठेवून बघत राहिलो. चूक अशी हातात घेऊन कुणाकडे तरी जाता येतं, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या चुका मी आजही आधी लपवतो आणि मग दुरुस्त करतो.

ऑपरेशननंतर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तात्यांना अंघोळ मी घालत असे. एका सकाळी अंग पुसून झालं. स्टुलावरून उठताना आधार घ्यावा म्हणून त्यांनी माझ्या खांद्याकडे हात उचलला. तो कानाजवळ आला आणि मी मान चुकवून मागं सरलो. तात्यांचा तोल गेला, ते पुन्हा स्टुलावर बसले. लागलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आजून?" ते म्हणाले.

मी सवय आहे म्हणालो.

"शेरडाला मी कदी मारलं न्हाय," ते म्हणाले. "मारलं की ते दूद चोरतं."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं. "मग आमाला, तात्या?"

त्यांनी टॉवेल मांडीवर सारखा केला. "शेरडाचं सांजंला भांड्यात दिसतं की रं. पोराचं कुटं काय दिसतंय?"

मला राग आला नाही. त्यांनी एकदा माझ्या मानेवरून हात फिरवावा, एवढंच इतकी वर्षं हवं होतं. ते काही मागून घेता येत नाही. आणि त्यांनी आपणहून हात पुढं केलाच, तर माझी मान थांबणार नाही, हे आता दोघांनाही कळलं होतं.

तात्यांनी हात पुन्हा उचलला, पण या वेळी वर नाही. कमरेच्या उंचीवर तळवा उताणा धरून ते थांबले. घाई केली नाही. मी तो हात धरला आणि मीच उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. मान थोडी आखडली, पण जागेवर राहिली. ते उठले.

बाथरूमपासून त्यांच्या कॉटपर्यंत अंतर फार नाही. मी सावकाश चाललो. मधेच ते म्हणाले, "आरं, मला दिसतंय की आता. सोड."

फरशी ओली आहे, असं मी सांगितलं. ती कोरडी होती.